हयातीचा दाखला

माणूस सकाळी वर्तमानपत्र कोणत्या पानापासून वाचायला घेतो, यावरून त्याचं वय बिनचूक सांगता येतं, असा माझा अनुभव आहे. शेवटच्या पानावरचं क्रिकेट आधी वाचणारा पंचविशीच्या आतला. नोकरीविषयक जाहिरातींपासून सुरुवात करणारा तिशीच्या आसपासचा. सोन्याचा भाव आणि मुदत ठेवींचे दर आधी बघणारा चाळिशीचा. आणि पहिल्या पानाकडे ढुंकूनही न बघता थेट 'निधन' या सदरावर जाणारा साठीच्या पुढचा. आमचे अप्पा रिटायर झाले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून निधनावर आले. एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातात पेपर, आणि मधूनच, "हा बघ, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान होता," असं एक वाक्य. त्या स्वरात दुःख नसे असं नाही. पण शर्यतीत एक गडी मागे पडल्याचं समाधानही थोडंसं असे.

माझं वय ४७. हिशेबाने मी अजून सोन्याच्या भावावर असायला हवा. पण गेली दहा वर्षं मीही निधनावरच आहे. फरक इतकाच, की अप्पांची माणसं गिरगावात, दादरला, फार तर डोंबिवलीला जात असत. माझी लंडन, बर्मिंगहॅम आणि लॉस एंजेलिसला जातात. भेटायला जाण्याचा प्रश्न नाही, दहाव्याचं बोलावणं नाही, रजेच्या अर्जात कारण लिहिण्याची सोय नाही. तरी तो सबंध दिवस सुतकात गेल्यासारखा जातो.

२०२५ सालच्या २३ जुलैची सकाळ घ्या. मी मोबाइल उघडला तर दादाचा निरोप. दोनच शब्द. 'ऑझी गेला.' मी मटकन स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसलो.

"कोण गेलं?" सौ.ने पोळी लाटता लाटता विचारलं.

"ऑझी."

"कोण ओझे? आपल्या सोसायटीत कुणी ओझे नाहीत."

"सोसायटीतला नव्हे. बर्मिंगहॅमचा. ऑझी ऑसबर्न. ब्लॅक सॅबथचा गायक."

"तो वटवाघूळ खाल्लेला?"

"खाल्लं नव्हतं. नुसतं डोकं चावलं होतं. १९८२ साली, अमेरिकेत, कार्यक्रम चालू असताना कुणीतरी स्टेजवर फेकलं. त्याला वाटलं, रबराचं आहे."

सौ.ने शांतपणे पोळी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "लांबचा आहे ना? मग नुसती आंघोळ केली तरी चालेल."

आता इथे दादाची ओळख करून द्यायला हवी. दादा म्हणजे आमच्या थोरल्या काकांचा मुलगा. माझ्याहून १३ वर्षांनी मोठा, जन्म १९६५. गिरगावातल्या आमच्या चाळीत पाश्चात्त्य संगीत आणण्याचं पुण्य किंवा पाप, जे काय असेल ते, त्याचं. समोरच्या खोलीत दर गुरुवारी भजनी मंडळ जमे, आणि त्याच वेळी दादा टेपरेकॉर्डरवर डीप पर्पल लावी. काळा घोड्याच्या रिदम हाऊसमधून तो पॉकेटमनी साठवून कॅसेट आणायचा. टेप गुंतली की पेन्सिल घालून ती गुंडाळून देण्याचं काम माझ्याकडे असे. आमची आजी अर्धा तास निमूटपणे ऐकून घ्यायची आणि मग म्हणायची, "अरे, इतका ओरडतोय बिचारा, कुणी पाणी तरी द्या त्याला."

दादाने एक सेकंडहँड गिटारही पैदा केली होती. तिच्या तारांनी त्याच्या डाव्या हाताच्या बोटांना फोड आले. काकूने त्यावर हळद आणि तेल लावलं आणि गिटारीवर शाप दिला. फोड बरे झाले. शाप मात्र १९९२ साली लग्न झाल्यावर फळला आणि गिटार माळ्यावर गेली.

तर या दादाचा एक सिद्धान्त होता. "शास्त्रीयवाले म्हातारे होतात, नाटकवाले म्हातारे होतात, रॉकवाला म्हातारा होत नाही." पुरावा म्हणून तो 'द हू' या मंडळींचं 'माय जनरेशन' हे गाणं पुढे करी. गाणं १९६५ सालचं, म्हणजे दादाच्याच वयाचं, आणि त्यात म्हातारपणाविषयी जी नावड जाहीर केली आहे ती ऐकली तर ज्येष्ठ नागरिक संघ मोर्चा काढील. मी त्या वेळी जेमतेम दहा वर्षांचा असेन. मला हा सिद्धान्त सूर्य पूर्वेला उगवतो तितका पक्का वाटला. म्हातारे फक्त आपल्या चाळीत होतात, अशी माझी समजूत झाली.

पुढे मी बी.कॉम. झालो, काही वर्षं एका सी.ए.च्या हाताखाली व्हाउचरं टाचली आणि शेवटी बँकेत चिकटलो. (आता आम्हाला कारकून म्हणत नाहीत, 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणतात. स्टूल तेच आहे.) वाणिज्य शाखेच्या माणसाला इतिहास सनावळ्यांनी कळत नाही, तो वजाबाकीने कळतो. कुणी गेल्याची बातमी आली की मृत्यूच्या सालातून जन्माचं साल वजा करायचं आणि उत्तर मनातल्या खतावणीत टाकायचं, ही सवय मला लागली. या खतावणीची तीन पानं आहेत. दादाचा सिद्धान्त त्यांत कसा बुडीत खाती गेला, ते क्रमाने सांगतो.

पहिलं पान ३ फेब्रुवारी १९५९ या तारखेने उघडतं. अमेरिकेच्या आयोवा राज्यातलं क्लिअर लेक हे गाव. हिवाळ्यातला दौरा, बसमधला हीटर बिघडलेला. थंडीने काकडलेल्या बडी हॉलीने पुढच्या मुक्कामासाठी एक छोटं विमान भाड्याने घेतलं. ते उडालं आणि लगेच शेतात कोसळलं. वजाबाकी करा. बडी हॉली २२, बिग बॉपर २८, रिची व्हॅलेन्स १७. सतरा म्हणजे आपल्याकडे बारावीचा फॉर्म भरायचं वय. रॉक नावाचा प्रकार तेव्हा स्वतःच जेमतेम पाच वर्षांचा होता, आणि पहिलीच नोंद अशी.

त्यानंतर येतो तो सत्ताविसाचा पाढा. रोलिंग स्टोन्सचा ब्रायन जोन्स ३ जुलै १९६९ रोजी स्वतःच्या पोहण्याच्या तलावात गेला, वय २७. जिमी हेंड्रिक्स १८ सप्टेंबर १९७०, लंडन, वय २७. जॅनिस जॉप्लिन त्याच वर्षी ४ ऑक्टोबर, वय २७. जिम मॉरिसन ३ जुलै १९७१, पॅरिस, वय २७. बरोबर दोन वर्षांत चार खाती बंद, आणि चारही एकाच आकड्यावर. आयुर्विम्याच्या एजंटाने त्या काळात कुणाच्या हातात गिटार पाहिली असती तर तो जिन्यातूनच परत फिरला असता.

कर्ट कोबेनने ५ एप्रिल १९९४ रोजी स्वतःला संपवलं, तोही २७ वर्षांचा. आमची दहावीची परीक्षा नुकतीच आटोपली होती. केबलवाल्याच्या कृपेने आमच्याकडे एमटीव्ही दिसायचं, त्यावर बातमी कळली. दादा सुन्न होऊन बसला. मी सोळा वर्षांचा. मी म्हणालो, "पण दादा, बरंच जगला की!" दादाने माझ्याकडे जे पाहिलं त्याचा अर्थ मला २००५ साली कळला, जेव्हा मी स्वतः २७ पुरी केली. माझ्या नावावर तेव्हा एक स्कूटर आणि सी.ए.च्या ऑफिसातली एक फिरती खुर्ची इतकीच मिळकत होती. ते सबंध वर्ष मी रस्ता ओलांडताना दोन्हीकडे दोनदा बघत असे. वास्तविक माझ्यासारख्याला त्या यादीत कुणी घेतलं नसतं, पण कारकुनी चुका होतात, हे मला माहीत होतं.

दुसऱ्या पानावर आकडे थोडे वाढतात. लेड झेपेलिनचा ढोलवाला जॉन बॉनम, २५ सप्टेंबर १९८०, वय ३२. त्याच वर्षी ८ डिसेंबरला न्यूयॉर्कमध्ये राहत्या इमारतीच्या दारातच गोळ्या घालून मारलेला जॉन लेनन, वय ४०. आणि २४ नोव्हेंबर १९९१ रोजी एड्सने गेलेला क्वीनचा फ्रेडी मर्क्युरी, वय ४५. आपल्याला हा रोग आहे, हे त्याने आदल्या दिवशी जाहीर केलं होतं.

फ्रेडी तर आपल्या सातारा जिल्ह्यातला म्हणायला हरकत नाही. जन्म झांजिबारचा, पारशी, मूळ नाव फरोख बुलसारा. पण शिकला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत. तिथेच पोरांनी मिळून हेक्टिक्स नावाचा बँड काढला आणि हा पियानोवर बसला. आम्ही सहकुटुंब पाचगणीला गेलो होतो तेव्हा मी दहा मिनिटं त्या शाळेच्या फाटकाबाहेर उभा राहिलो. सौ. आणि मुलगी रिक्षात बसून स्ट्रॉबेरी खात होत्या. रखवालदाराने विचारलं, "ॲडमिशनचं काम आहे काय?" मी म्हणालो, "नाही, इथे एक ओळखीचे होते." तो म्हणाला, "बदली झाली असेल."

दोन वर्षांपूर्वी मी ४५ ओलांडली. त्या दिवशी केक कापताना माझ्या एकदम लक्षात आलं, की आता आपण फ्रेडीपेक्षा मोठे झालो. लेननपेक्षा पाच वर्षांपूर्वीच झालो होतो. ज्या माणसांची पोस्टरं आपण लहान तोंडाने वर मान करून पाहिली, त्यांना आता नात्याने 'अरे पोरा' म्हणायचं वय झालं, हे काही माणसाला झेपत नाही. मी केकचा तुकडा तसाच ठेवला. सौ.ला वाटलं, मला साखरेची आठवण झाली.

तिसरं पान मात्र वेगळ्याच शाईने लिहिलं आहे. २८ डिसेंबर २०१५ रोजी मोटरहेडचा लेमी गेला, वय ७०. १० जानेवारी २०१६ रोजी डेव्हिड बोवी, वय ६९. दोनच दिवस आधी, वाढदिवशी, त्याचा शेवटचा अल्बम बाजारात आला होता. १८ जानेवारीला ईगल्सचा ग्लेन फ्राय, वय ६७. तीन आठवड्यांत तीन. त्याच वर्षी रिदम हाऊसही बंद झालं. पुढे २०१७ साली चक बेरी ९० वर्षांचा होऊन गेला आणि त्याचा नवा अल्बम तो गेल्यावर बाहेर आला. २०२० साली लिटल रिचर्ड, ८७. २०२२ साली जेरी ली लुईस, तोही ८७. २०२३ साली टीना टर्नर, ८३. आणि ११ जून २०२५ रोजी बीच बॉइजचा ब्रायन विल्सन, ८२.

विमान नाही, गोळी नाही, पोहण्याचा तलाव नाही. कर्करोग, हृदयविकार, वार्धक्य. म्हणजे आमच्या चाळीत ज्या कारणांनी लोक गेले, त्याच कारणांनी. ज्या दिवशी हे माझ्या ध्यानात आलं त्या दिवशी मला दोन गोष्टी एकदम वाटल्या. एक म्हणजे फसवणूक. लहानपणी देवासारखी वाटलेली माणसं शेवटी रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन, चष्मा शोधत गेली. आणि दुसरी म्हणजे, खरं सांगतो, एक प्रकारचा धीर. वजाबाकीचं उत्तर १७ वरून ९० पर्यंत आलं आहे. एवढी वाढ आमच्या कुठल्याही ठेवयोजनेत मी पाहिलेली नाही.

या वाढीचा सर्वांत मोठा खातेदार म्हणजे मिक जॅगर. जॅगर आणि आमचे अप्पा दोघेही १९४३ सालचे. दोघांनीही हिशेबाचं शिक्षण घेतलं. अप्पांनी पुरं केलं. जॅगरने लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स अर्धवट सोडलं. ७ एप्रिल २००३ रोजी रोलिंग स्टोन्स मुंबईत ब्रेबोर्न स्टेडियमवर आले, तेव्हा दादाने कुठूनशी दोन तिकिटं मिळवली. अप्पा त्याच वर्षी रिटायर होणार होते आणि दोन जिने चढताना मधे थांबत होते. इकडे हा ५९ वर्षांचा गृहस्थ स्टेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तास दीड तास पळत होता. मी घरी येऊन अप्पांना हे उत्साहाने सांगितलं. अप्पा म्हणाले, "शिक्षण पुरं केलं असतं तर या वयात पळावं लागलं नसतं."

मला स्वतःला त्या मंडळींत सर्वांत जवळचा वाटे तो ढोलवाला चार्ली वॉट्स. सगळे नाचत, ओरडत, हा मात्र मागे बसून हिशेब जुळवत असल्यासारखा वाजवत असे. शिवून घेतलेला नेटका सूट, १९६४ पासून एकच बायको, आणि दौऱ्यावर ज्या ज्या हॉटेलात झोपायची वेळ आली तिथल्या पलंगाचं चित्र काढून ठेवायची सवय. हा माणूस चुकून रॉकमध्ये गेला. जात्या तो आमच्या काउंटरचा. तो २४ ऑगस्ट २०२१ रोजी गेला, वय ८०. उरलेल्यांनी दौरे थांबवले नाहीत. २०१९ साली हृदयाची झडप बदलून अडीच महिन्यांत पुन्हा स्टेजवर आलेला जॅगर २०२४ सालीही अमेरिकाभर गात फिरला, आणि त्या दौऱ्याचं प्रायोजकत्व घेतलं होतं पन्नाशीपुढच्या लोकांसाठी काम करणाऱ्या एएआरपी या संघटनेने. दादाला हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ बोलला नाही. त्याचा सिद्धान्त त्या दिवशी अधिकृतपणे निकालात निघाला.

आणि तुम्ही म्हणाल, ही मंडळी निवृत्त का होत नाहीत? होतात की! वारंवार होतात. 'द हू'ने पहिला निरोपाचा दौरा १९८२ साली केला आणि २०२५ सालीही त्यांचा निरोपाचा दौरा चालूच होता. ऑझीने १९९२ साली 'आता दौरे बंद' अशा नावाचाच दौरा काढला आणि तीन वर्षांत निवृत्तीला शिव्या देत परत आला. आपल्याकडे नाटकांच्या जाहिरातीत 'अखेरचे पाच प्रयोग' असतात, त्यातलाच हा प्रकार. पण मला यात फसवणूक दिसत नाही. आमची आजी सांगायची, निघताना 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावं. हे लोक इंग्रजीत 'जातो' म्हणतात, एवढाच त्यांचा दोष.

बँकवाला असल्यामुळे त्यांच्या पश्चात काय होतं याकडेही माझं लक्ष असतं. या बाबतीत बोवीला मी मानतो. १९९७ साली त्याने आपल्या जुन्या अल्बमांच्या पुढच्या मानधनावर रोखे काढले. साडेपाच कोटी डॉलर, दहा वर्षांची मुदत, व्याज ७.९ टक्के. उद्या आमच्या शाखेत कुणी गाणं तारण ठेवायला आला तर आमचे साहेब आधी त्याला दोन जामीनदार आणायला सांगतील. उलट हेंड्रिक्स मृत्युपत्र न करता गेला. पण तो २७ वर्षांचा होता, त्या वयात कोण करतं? प्रिन्स २०१६ साली ५७ व्या वर्षी गेला, त्यानेही केलं नव्हतं. १५ कोटी डॉलरच्या वरची मालमत्ता, आणि वाटणीला सहा वर्षं लागली. वाचकहो, हसू नका. तुमच्या बचत खात्यावर नॉमिनेशन आहे की नाही, ते आजच बघा.

आमच्या हेडकॅशियरना या सगळ्याचं फार नवल वाटतं. ते जुन्या हिंदी गाण्यांतले. ऑझी गेल्याचं ऐकून ते नोटांची गड्डी खाली ठेवत म्हणाले, "तुमचं बरं आहे हो. आमचे मुकेश ७६ साली गेले, रफीसाहेब ८० साली, किशोरकुमार ८७ साली. आम्ही ऐन उमेदीत सगळी सुतकं फेडून बसलो. तुमचे अजून जाताहेत, म्हणजे अजून होते ना!" मी या बाजूने कधी विचारच केला नव्हता.

आता पुन्हा ऑझीकडे येतो. तो आणि त्याचे सोबती बर्मिंगहॅमच्या ॲस्टन भागातली कामगारांची पोरं. ऑझी कत्तलखान्यात काम करून आलेला, घरफोडीसाठी तुरुंगाची हवा खाल्लेला. गिटारवाला टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात होता. १९६५ साली, वयाच्या १७ व्या वर्षी, नोकरीच्या शेवटच्या दिवशी त्याचा उजवा हात यंत्राखाली आला आणि दोन बोटांची शेंडं गेली. हा डावखुरा, म्हणजे तारा दाबायची ती हीच बोटं. डॉक्टरांनी गिटार विसरायला सांगितलं. पण कारखान्याच्या फोरमनने घरी येऊन त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. दोन बोटं निकामी झालेला गिटारवादक होता तो. मग आयोमीने भांडी घासायच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, त्यावर कातडं चिकटवलं. बोटांना त्रास नको म्हणून पातळ तारा लावल्या, पुढे त्या सैल करून सूर खाली उतरवला. आणि जो घनगंभीर, जडशीळ आवाज निघाला त्यावर हेवी मेटल नावाचा सबंध पंथ उभा राहिला. आजीला वाटायचं, कुणाला तरी मारताहेत. एका अर्थी म्हातारीचं बरोबर होतं. दुखण्यातूनच तो आवाज आला होता.

५ जुलै २०२५ रोजी हे चौघे ॲस्टनच्याच व्हिला पार्क मैदानावर वीस वर्षांनी पुन्हा एकत्र आले. ऑझी ७६ वर्षांचा. कंपवाताने उभं राहवत नव्हतं, म्हणून काळ्या सिंहासनावर बसून गायला. दादाने मोबाइलवर त्याचे तुकडे बघितले आणि मला फोन केला. म्हणाला, "बसून गायला रे, पण गायला." त्यानंतर १७ दिवसांनी तो दोन शब्दांचा निरोप आला.

दादाच्या आवाजात ते 'बसून' जरा जास्त उमटलं, त्यालाही कारण आहे. २०२४ च्या दिवाळीनंतर एका पहाटे दादाच्या छातीत कळ आली. दोन स्टेंट बसले. आयसीयूच्या बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर रात्र काढताना मी सवयीने वजाबाकी करायला गेलो आणि करवेना. दोन्ही साली ठाऊक असलेली ती पहिलीच वजाबाकी होती, की जिचं उत्तर मला नको होतं. सुदैवाने ती अर्धीच राहिली. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "आता मनाला आवडेल ते करा." वहिनीला वाटलं, बागकाम म्हणताहेत. दादाने माळ्यावरची गिटार खाली काढली.

एप्रिल २०२५ अखेर दादा रेल्वेतून रिटायर झाला आणि नोव्हेंबरात आमच्या शाखेत आला. नोव्हेंबर हा बँकेतला हजेरीचा महिना. पेन्शनरने स्वतः येऊन आपण जिवंत आहोत हे दाखवायचं असतं; त्याला हयातीचा दाखला म्हणतात. पूर्वी कागदावर सही असे, आता यंत्रावर बोट ठेवायचं. माझ्या काउंटरवर ओळखीचे चेहरे येतात, एकमेकांना बघून "अरे, आहेस का?" म्हणतात. जो आला नाही त्याच्याबद्दल कुणी मोठ्याने विचारत नाही.

दादा काळा टी-शर्ट घालून आला होता. पोटावर सॅबथची अक्षरं ताणली गेली होती. टोकन क्रमांक ३१. यंत्र खिडकीच्या डाव्या बाजूला, म्हणून त्याने डाव्या हाताची तर्जनी ठेवली. यंत्राने नाकारली. मधलं बोट ठेवलं, नाकारलं. अनामिका ठेवली, तीही नाकारली. मागून एक मुलगी म्हणाली, "आजोबा, हात पुसून ठेवा." दादाने मागे वळून पाहिलं, कुणाला म्हणतेय म्हणून.

मी ओल्या रुमालाने त्याची बोटं पुसायला घेतली आणि थांबलो. तिन्ही बोटांची टोकं तव्यासारखी टणक झाली होती. रेषा अशी एक दिसत नव्हती.

"घट्टे आहेत," दादा म्हणाला. "आठ महिन्यांचे. रोज दोन तास." आणि लग्नात मुलाचे मार्क सांगावेत तशा तोंडाने त्याने आजूबाजूला बघितलं.

"उजवा अंगठा ठेव," मी म्हणालो.

हिरवा दिवा लागला. पडद्यावर त्याचं नाव आलं, जन्मतारीख आली, आणि पुढच्या नोव्हेंबरपर्यंत दादा सरकारी नियमानुसार जिवंत झाला. तो पावती नीट घडी करून खिशात ठेवत म्हणाला, "म्हणजे डावा हात गेला, उजवा आहे."

"एक पुरतो."

"आयोमीला तर दोन बोटं कमी पुरली," तो म्हणाला, आणि खिडकीच्या काचेवर उजव्या हाताने टकटक करून निघाला. दारापाशी जाऊन त्याने हात वर केला आणि सबंध शाखेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "येतो रे!"

हेडकॅशियरनी मान वर करून बघितलं. मी ३२ नंबर पुकारला.